खडू, वर्तमानपत्र आणि पडदा : आचार्य अत्रे



आचार्य अत्रे म्हटलं की आपल्याला विनोद आणि गाजलेली भाषणं आठवतात. पण मुळात ते आपल्यासारखेच शाळामास्तर होते, हे मुलांना कधी सांगतो का आपण?

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. पुण्यात कॅम्पमधल्या शाळेत ते शिकवू लागले. पुढे लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेतली आणि परत आल्यावर मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. मुलाला पटकन कळेल अशी मराठी कशी लिहायची, हे ते वर्गातच शिकले. हीच भाषा त्यांनी पुढे सगळीकडे वापरली.

१९३८ साली मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' त्यांच्या लेखणीतून पडद्यावर आला. १९४० मध्ये त्यांनी 'नवयुग' साप्ताहिक काढलं. एकच माणूस वर्तमानपत्रही चालवतो आणि सिनेमाही लिहितो!

आता साने गुरुजींकडे बघा. तेही अमळनेरला शिक्षक होते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी पंढरपूरला उपोषण केलं. आपल्या श्रीपूरहून पंढरपूर काही लांब नाही. १९४८ मध्ये त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. म्हणजे एका शिक्षक-संपादकाच्या पुस्तकावर दुसऱ्या शिक्षक-संपादकाने चित्रपट काढला! १९५३ च्या त्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. गुरुजी मात्र ते पाहायला नव्हते. १९५० मध्येच ते गेले होते.

पुढे अत्र्यांनी महात्मा फुल्यांवरही चित्रपट काढला. पदकं मिळाली म्हणून ते पडद्यापाशी थांबले नाहीत. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा यासाठी नोव्हेंबर १९५६ मध्ये त्यांनी 'मराठा' दैनिक काढलं. त्यांची लेखणी बोचरी होती, ती अनेकांना लागलीही. हेसुद्धा मुलांपासून लपवू नका. १३ जून १९६९ रोजी ते गेले.

आज मुलं पाहतात खूप, वाचतात कमी, अशी आपली तक्रार असते. मग एक करून बघा. वर्गात किंवा घरी 'श्यामची आई' दाखवा, पुस्तकातला तोच प्रसंग वाचून घ्या आणि मग त्याची दहा ओळींची बातमी मुलांना लिहायला सांगा. पाहणं आणि वाचणं यांचं भांडण नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेल.