पदवीवाचून विलायतेला आलेला इंजिनिअर : शंकर आबाजी भिसे

आपल्या इथल्या इंजिनिअर मंडळींची कहाणी बहुधा एकाच वळणाने जाते. पुण्या-मुंबईला किंवा सांगली-कराडला बी.ई., मग इकडच्या एखाद्या विद्यापीठात एम.एस्सी. आणि त्यानंतर पहिली नोकरी. माझ्यासारखे डॉक्टरही एम.बी.बी.एस.चे प्रमाणपत्र बॅगेत जपून ठेवूनच इथे उतरले. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच लंडनमध्ये एक मराठी माणूस यंत्रे बनवण्यासाठी आला, तेव्हा त्याच्याजवळ इंजिनिअरिंगची कुठलीही पदवी नव्हती. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे. पुढे लोक त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणू लागले.

शंकररावांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा नाद होता. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करण्याचे उपकरण बनवले होते. 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकाचे अंक वाचून ते यंत्रविद्या शिकले. हेच त्यांचे कॉलेज! पोटासाठी मुंबईच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली, पण मन रमले ते प्रयोगांत. विज्ञानाची आवड असणाऱ्यांसाठी त्यांनी मुंबईत एक मंडळही काढले.

१८९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका संशोधकांच्या नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. पीठ, साखर यांसारखा वाणसामान आपोआप मोजून देणारे यंत्र सुचवायचे होते. शंकररावांनी मुंबईतून आराखडा पाठवला आणि ती स्पर्धा जिंकली. त्या यशाच्या बळावर ते विलायतेला निघाले. सोबत काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांचे ओळखपत्र होते. ते दादाभाई नौरोजींच्या नावे होते.

दादाभाई त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होते. १८९२ साली फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून येऊन ते पार्लमेंटचे सभासद झाले होते, हे आपण जाणतोच. पेंजजवळच्या अ‍ॅनर्ली पार्कमधील त्यांच्या राहत्या घरावर २०२२ साली निळी पाटी लागली. राजकारणाच्या धकाधकीतही या वृद्ध गृहस्थाने मुंबईहून आलेल्या होतकरू तरुणाला आधार दिला आणि त्याच्या प्रयोगांसाठी स्वतःचा पैसा घातला. शंकररावांनी दिव्यांच्या जाहिरातींचे यंत्र, स्वयंपाकघरातली उपकरणे अशा अनेक गोष्टी तयार केल्या, पेटंटे घेतली.

त्यांचे सर्वांत मोठे काम छपाईच्या खिळ्यांचे. त्या काळी पुस्तक असो की वर्तमानपत्र, प्रत्येक अक्षरासाठी शिसेमिश्रित धातूचा खिळा लागे. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, निवू द्यायचा आणि खिळा बाहेर काढायचा, यात वेळ जाई. शंकररावांनी हे काम झपाट्याने करणारे 'भिसोटाइप' यंत्र योजले. लंडनच्या जाणकारांना ते अशक्य वाटले. पण १९०८ पर्यंत मिनिटाला सुमारे बाराशे खिळे ओतणारे यंत्र शंकररावांनी उभे करून दाखवले.

यंत्र झाले, पण कारखाना निघेना. त्यासाठी पंधरा हजार पौंड हवे होते. दादाभाईंचे समाजवादी मित्र हिंडमन यांनी भांडवल जमवण्याची खटपट केली, पण ती फळाला आली नाही. दादाभाईंनीही १९०७ साली इंग्लंडचा कायमचा निरोप घेतला. हाती पैसा उरला नाही आणि १९०८ च्या अखेरीस शंकरराव निराश होऊन मुंबईच्या बोटीत बसले. त्याच बोटीवर त्यांची गाठ नामदार गोखल्यांशी पडली! गोखल्यांनी त्यांची रतन टाटांशी ओळख करून दिली. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. ट्विकेनहॅमचे यॉर्क हाऊस त्या काळी त्यांच्याच मालकीचे होते. १९१० साली टाटा-भिसे सिंडिकेट निघाले आणि शंकरराव पुन्हा लंडनला आले. मात्र व्यापारी यश मिळाले नाही आणि १९१५ साली तेही बंद पडले.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी तिसऱ्यांदा बस्तान हलवले. या वेळी न्यूयॉर्कला. तिथे खिळे ओतण्याच्या नव्या यंत्रासाठी त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. आयोडीनयुक्त 'अ‍ॅटोमिडीन' हे औषधही तयार केले. प्रतिजैविकांच्या आधीच्या त्या काळात आयोडीनवर डॉक्टरांची मोठी भिस्त असे. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच शंकररावांचे निधन झाले.

त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध सांगितले जातात. तरीही यंत्राच्या जोरावर श्रीमंत होणे त्यांच्या नशिबी नव्हते. मला मात्र या चरित्रात दुसरी एक गोष्ट ठळक दिसते. बुद्धी आणि चिकाटी शंकररावांची स्वतःची होती, पण प्रत्येक वळणावर कुणीतरी वडीलधारा उभा राहिला: वाच्छांनी पत्र दिले, दादाभाईंनी पैसा दिला, गोखल्यांनी ओळख दिली. जेव्हा हा आधार तुटला, तेव्हा मिनिटाला बाराशे खिळे ओतणारे यंत्रही त्यांना लंडनमध्ये टिकवू शकले नाही.

आज आपली मुले-मुली एम.एस्सी.साठी इथे येतात. डोक्यावर कर्ज असते, अभ्यासक्रम जेमतेम वर्षाचा आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी नोकरी शोधायची असते. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ती आपल्या शेजारीच उभी असतात. आपल्यांत निवृत्त इंजिनिअर आहेत, कंपन्यांत वरच्या जागांवर बसलेली मंडळी आहेत. अर्ज नजरेखालून घालणे, मुलाखतीची तयारी करून घेणे, योग्य माणसाशी गाठ घालून देणे, यासाठी पंधरा हजार पौंड लागत नाहीत. या उत्सवात निदान एका नव्या चेहऱ्याची आपुलकीने चौकशी करावी, ही सर्वांना विनंती.