सलीम अलींचा संसार

पक्षी म्हटले की डॉ. सलीम अली, एवढे आपणा सर्वांना ठाऊक असते. गळ्यात दुर्बीण, पांढरी दाढी, किडकिडीत बांधा. पण त्यामुळे हा माणूस एकटाच रानोमाळ फिरणारा फकीर असावा असा जो समज होतो, तो काही खरा नाही. त्यांच्या भटकंतीच्या मागे एक घर होते. त्या घराबद्दलच लिहावेसे वाटते.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. वडील गेले तेव्हा ते वर्षाचे होते, आई गेली तेव्हा तीन वर्षांचे. सगळ्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीत वाढवले. या दोघांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. मामा शिकारीचे शौकीन. लहानपणी बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असेल.

१९१८ च्या डिसेंबरात तेहमिनाशी लग्न झाले. ती सुखवस्तू घरातली, इंग्लंडमध्ये शिकलेली, उर्दू शायरीची आवड असलेली. इकडे नवरा पदवीधर नाही, आणि ब्रह्मदेशातला भावाबरोबरचा धंदाही पुढे बसला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती देण्याची नोकरी मिळाली. पगार महिना ३५० रुपये, म्हणजे त्या काळी चांगलाच! पण अधिक शिकायचे म्हणून रजा काढून ते जर्मनीत बर्लिनला प्रा. श्ट्रेझमान यांच्याकडे गेले. १९३० साली परत येतात तो काय, पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. बँकेत जन्म काढलेल्या माझ्यासारख्याच्या तर हे वाचून पोटात गोळा येतो.

भाडे वाचावे म्हणून दोघे अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे पावसाळ्यात झाडावर सुगरणींची वसाहत होती. बेकार माणूस तासन् तास तिकडे बघत बसला. घरटे नर विणतो, ते अर्धे झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तर मुक्काम करते. मग नर ते पुरे करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या घरट्याला लागतो! (फ्लॅटचे बुकिंग आपण सर्वांनी केलेले आहे, तेव्हा अर्धवट बांधकाम पाहून जागा पसंत करण्यातली गंमत वेगळी सांगायला नको.) या निरीक्षणावरच्या लेखाने त्यांचे नाव झाले.

पुढे त्यांनी संस्थानांना कळवले की मोहिमेचा खर्च तेवढा द्या, मला मेहनताना नको. हैदराबाद झाले, १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन झाले. तेहमिना बहुतेक मोहिमांत बरोबर असे. ज्या काळात बायका नवऱ्याच्या ऑफिसचा पत्तासुद्धा विचारत नसत, त्या काळात ही बाई जंगलात तंबूत राहून संसार करत होती, तोही बिनपगारी माणसाचा. मला विचाराल तर भारतीय पक्षिशास्त्रात तिचे भांडवल मोठे आहे, फक्त ते कुठल्या खतावणीत दिसत नाही.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर ती गेली. मूल नव्हते. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे, आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. मुंबईत पाली हिलला बहीण कमू आणि मेहुणे हसन यांनी त्यांना आपल्या घरी आणले, ते कायमचेच. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ मध्ये याच काळात आले. डिलन रिप्ली यांच्याबरोबरचे दहा खंड त्यानंतरचे. २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार करून, ते मुंबईतच वारले.

केरळात एक सोनेरी पाठीचा सुतारपक्षी आहे. त्या उपजातीच्या शास्त्रीय नावाचा शेवटचा शब्द ‘तेहमिनी’ असा आहे. १९३४ साली व्हिस्लर आणि किनिअर या दोन ब्रिटिश पक्षितज्ज्ञांनी तो ठेवला, तेव्हा ती हयात होती.