बस्टर कीटन : तीन युगांतल्या प्रेमावर हसवणारा, स्वतः न हसणारा नट

लग्न ठरवताना मुलीकडचे आधी काय विचारतात? मुलगा करतो काय, कमावतो किती? याच प्रश्नांवर १९२३ मध्ये एक भन्नाट मूकपट आला होता, 'थ्री एजेस'. तो करणारा माणूस म्हणजे बस्टर कीटन.

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये झाला. आईवडील गावोगाव फिरून स्टेज शो करायचे. वडील छोट्या बस्टरला स्टेजवर उचलून फेकायचे आणि प्रेक्षक खो खो हसायचे. पण आपण हसलो की लोक कमी हसतात, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. त्याचा निर्विकार चेहरा तिथूनच आला.

१९१७ मध्ये तो सिनेमात आला. 'थ्री एजेस'मध्ये त्याने एकच प्रेमकथा अश्मयुग, प्राचीन रोम आणि आधुनिक अमेरिका अशा तीन काळांत समांतर दाखवली. मुलीचे आईवडील अश्मयुगात मुलाची ताकद बघतात, रोममध्ये हुद्दा आणि आधुनिक काळात बँकेतली शिल्लक. शेवटी गुहेतून पोरांची फौज बाहेर पडते, रोममध्ये ती आटते आणि आधुनिक जोडप्यामागून येतो फक्त एक कुत्रा!

त्याच वर्षीच्या 'अवर हॉस्पिटॅलिटी'त दोन वैरी घराण्यांतलं प्रेम होतं. त्यात कीटनची पत्नी नॅटली टालमॅज नायिका होती. वडील जो आणि तान्हा मुलगाही होता. म्हणजे घरातल्या तीन पिढ्या एकाच चित्रपटात.

मग बिघडलं कुठे? १९२६ चा महागडा 'द जनरल' तेव्हा चालला नाही. १९२८ मध्ये कीटन एमजीएम स्टुडिओत गेला आणि चित्रपटांवरचा त्याचा ताबा सुटला. दारू वाढली. १९३२ मध्ये घटस्फोट झाला. नॅटलीने दोन्ही मुलांचं कीटन हे आडनावही बदलून टाकलं.

१९४० मध्ये त्याने एलेनॉर नॉरिस या नर्तिकेशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा सुमारे २३ वर्षांनी लहान होती. तेव्हा तो दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवून पोट भरत होता. हुद्दा गेला होता, बँकेत शिल्लकही फारशी नव्हती. तरी हे लग्न १ फेब्रुवारी १९६६ रोजी त्याचं निधन होईपर्यंत टिकलं. दरम्यान, जुने मूकपट पुन्हा दाखवले जाऊ लागले आणि १९६० मध्ये त्याला मानद ऑस्करही मिळालं.

'थ्री एजेस'मधल्या आईवडिलांनी मात्र असं स्थळ दारातूनच परत पाठवलं असतं.