बर्थाबाई बेंझ आणि वाटेंत अडलेली मोटार

चालत्या मोटारीचें इंजिन एकाएकीं बंद पडलें म्हणजे आंतील मंडळी प्रथम ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहूं लागते. तो खालीं उतरून दोष शोधून काढतो, आणि गाडी पुन्हां चालूं लागली कीं प्रवासी ती गोष्ट विसरूनहि जातात. परंतु ज्या काळीं गॅरेज नव्हतें आणि पेट्रोल-पंपहि नव्हता, त्या काळीं रस्त्यांत अडलेली मोटार एका गृहिणीनें स्वतःच्या हातांनीं चालू केली. तिचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बर्थाबाईंचा जन्म जर्मनींतील बाडेन संस्थानांत, फोर्झहाइम या गांवीं ता. ३ मे १८४९ रोजीं झाला. माहेरचें आडनांव रिंगर. वडील सुतारकामांतून पुढें येऊन संपन्न झालेले गृहस्थ होते. पुन्हां मुलगीच झाली याचा खेद त्यांनीं घरच्या बायबलांत जन्माच्या नोंदीजवळ लिहून ठेविला होता, असें सांगतात. त्या वेळीं बाडेनच्या विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश नव्हता. तो १९०० सालीं मिळाला. तरीहि या मुलीला यंत्रांचें कुतूहल फार होतें.

कार्ल बेंझ या तरुण इंजिनियराशीं त्यांचा विवाह ठरला. मॅनहाइम येथील त्याचा कारखाना भागीदारामुळें संकटांत आला होता. तेव्हां बर्थाबाईंनीं आपल्या हुंड्याची रक्कम लग्नापूर्वींच मागून घेतली व ती भागीदाराचा हिस्सा विकत घेण्यास दिली. लग्न ता. २० जुलै १८७२ रोजीं झालें. पुढें कित्येक वर्षें ओढग्रस्तीचीं गेलीं. १८७९ च्या शेवटच्या रात्रीं पतिपत्नी कारखान्यांत गेलीं, आणि इतके दिवस हट्ट धरून बसलेलें इंजिन त्या रात्रीं चालूं लागलें. ता. २९ जानेवारी १८८६ रोजीं बेंझ यांनीं आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्या पेटंटाचा क्रमांक ३७४३५.

पेटंट मिळालें, पण गिऱ्हाईक मिळेना. घोड्यावांचून चालणाऱ्या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. बेंझ हे कसलेले कारागीर खरे, परंतु स्वभावानें संकोची. गाडींत अजून सुधारणा हवी, असेंच त्यांना वाटे. घरचा पैसा व उभयतांचीं इतकीं वर्षें त्या गाडींत अडकलीं होतीं. ती लांबच्या प्रवासास योग्य आहे, हें कोणीतरी सिद्ध करून दाखविणें अवश्य होतें.

ऑगस्ट १८८८ मध्यें एके दिवशीं पहांटे, पतीस न कळवितां, बर्थाबाई ऑयगेन व रिखार्ड या दोन मुलांस घेऊन त्याच गाडींतून माहेरीं निघाल्या. मॅनहाइमपासून फोर्झहाइम त्या मार्गानें शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. रस्ते घोडागाड्यांचे, चढउतारांचे. पाणी तापून उडून जाई, म्हणून वाटेंत मिळेल तेथें तें भरावें लागे. इंधन संपत आलें तेव्हां वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून लिग्रोइन हें हलकें तेल विकत घेतलें. कपड्यांवरील डाग काढण्यास लोक तें वापरीत.

इतकें करूनहि वाटेंत इंजिन अडलेंच. येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. असें इंजिन चालण्यास मुख्यतः तीन गोष्टी लागतात : इंधनाची वाफ व हवा यांचें योग्य मिश्रण, दट्ट्यानें त्या मिश्रणावर दिलेला दाब, आणि नेमक्या क्षणीं पडणारी विजेची ठिणगी. यांपैकीं एक जरी चुकली तरी इंजिन थांबतें. म्हणून जाणता कारागीर आधीं हातोडा उचलीत नाहीं. तो प्रश्न विचारतो. इंजिन आचके देत, बळ गमावीत थांबलें, तर इंधनाच्या नळीचा संशय घ्यावा. दिवा फुंकरीनें विझावा तसें एका क्षणांत थांबलें, तर बहुधा ठिणगीच्या तारेंत दोष असतो. एका वेळीं एकच वस्तु तपासावी, नाहींतर खरा दोष कोणता हें कळत नाहीं.

बर्थाबाईंना हे दोन्ही दोष त्या एकाच प्रवासांत भेटले. इंधनाची नळी केरानें बुजली होती. ती त्यांनीं हॅटच्या लांब टांचणीनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील आवरण झिजलें होतें. उघडी तार लोखंडास लागली कीं वीज भलत्याच वाटेनें निघून जाते व ठिणगी पडत नाहीं. त्यांनीं पायमोज्याचा बंद काढून तारेवर गुंडाळला, आणि काम भागलें. साखळी सैल झाली ती ब्रुखसाल येथें लोहाराकडून नीट करून घेतली. ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां बाउश्लोट येथें जोडे करणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडें बसवून घेतलें. चढावर मुलें खालीं उतरून गाडी ढकलीत. सायंकाळीं फोर्झहाइमला पोंचतांच त्यांनीं पतीस तार केली.

परत आल्यावर बर्थाबाईंनीं प्रवासांत दिसलेले दोष पतीस सांगितले. ब्रेकला चामडें हवें, चढासाठीं आणखी एक गियर हवा, या सूचना त्या प्रवासांतूनच निघाल्या. त्याच वर्षीं म्यूनिकच्या प्रदर्शनांत त्यांच्या मोटारीस सुवर्णपदक मिळालें. शतक संपतां संपतां बेंझ यांचा कारखाना जगांतील मोठ्या मोटार-कारखान्यांत गणला जाऊं लागला.

कार्ल बेंझ १९२९ सालीं लाडेनबुर्ग येथें वारले. ता. ३ मे १९४४ रोजीं, बर्थाबाईंच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशीं, कार्ल्सरूहच्या ज्या शिक्षणसंस्थेंत त्यांचे पति शिकले होते, तिनें त्यांना सन्माननीय सेनेटर केलें. दोनच दिवसांनीं त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या प्रवासाचा मार्ग २००८ पासून त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

आजच्या पेट्रोलच्या मोटारींत इंधन गाळलें जातें, तारांचीं आवरणें टिकाऊ असतात, आणि दोष कोठें आहे हें पुष्कळदां संगणक सांगतो. तरी इंजिन थांबलें म्हणजे मूळ प्रश्न तेच राहतात : इंधन पोंचतें कां? ठिणगी पडते कां? आमच्या शाळेंतील मुलामुलींनीं, कोणतेंहि काम अडलें असतां, हताश होण्यापूर्वीं असेच प्रश्न क्रमानें विचारावे. आणि ज्या घरीं मुलगी यंत्र उघडून पाहूं इच्छिते, तेथील पालकांनीं तिच्या हातांतील पेंचकस काढून घेऊं नये, इतकीच आमची विनंति आहे.