बाशो : नामांतरातून घडलेला कवी

जपानी नावाचा अर्थ उच्चारापेक्षा ते लिहिण्यासाठी निवडलेल्या चिनी लिपिचिन्हांत असतो. हायकूकार मात्सुओ बाशो (१६४४-१६९४) याचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

इगा प्रांतातील उएनो येथे जन्मलेल्या बाशोचे बालपणीचे नाव किन्साकु व प्रौढपणीचे मुनेफुसा. 'मुनेफुसा'ची लिपिचिन्हे चिनी वळणाने 'सोबो' अशी वाचून त्याने तेच आरंभीचे कविनाम केले. तरुण धनी व काव्यस्नेही तोदो योशितादा १६६६ साली निवर्तला. पुढे एदोत (आजचे तोक्यो) बाशोने 'तोसेई', म्हणजे 'हिरवे पीच', हे नाव घेतले. चिनी कवी ली पो याच्या नावाच्या चिन्हांचा अर्थ 'पांढरा प्लम' असा होतो. त्या पूर्वसूरीपुढे स्वतःला अपक्व फळ म्हणवण्याची नम्रता या नावात मानली जाते.

१६८० साली, काव्यगुरू म्हणून स्थिरावल्यावर, तो नगराबाहेर फुकागावा येथे राहू लागला. पुढील वर्षी रिका या शिष्याने दिलेली केळ, जपानीत 'बाशो', तेथे लावली गेली. केळीवरून झोपडीला व झोपडीवरून कवीला नाव मिळाले. या केळीला खाण्याजोगे फळ येत नाही, खोड लाकूड म्हणून निरुपयोगी, पाने वाऱ्याने फाटतात. ही निरुपयोगिताच त्याला प्रिय होती. तीमागे च्वांग्-त्झूच्या विचाराचा संस्कार दिसतो. पुढे झोपडी आगीत जळाली. नव्या झोपडीपाशी पुन्हा केळ लावली गेली.

आधीची नावे कुळाची वा आकांक्षेची द्योतक होती. अखेरचे नाव मात्र त्याच्या जीवनदृष्टीचेच निदर्शक ठरले.