दिव्यामागची फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारले, की हाती दिवा घेऊन रुग्णांच्या रांगांमधून फिरणारी स्त्री डोळ्यांसमोर उभी राहते. दरवर्षी १२ मे रोजी, त्यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो तोही याच प्रतिमेच्या साक्षीने. रुग्णाच्या आणि परिचारिकेच्या मनाचा त्यांनी किती बारकाईने विचार केला होता, याची मात्र फारशी आठवण निघत नाही.

१८२० मध्ये सधन इंग्रज घराण्यात जन्मलेल्या फ्लॉरेन्सना परिचारिका होण्यासाठी घरच्यांशी अनेक वर्षे झगडावे लागले. त्या काळातील रिकाम्या दिवसांचे नैराश्य त्यांनी सोसले होते. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ स्त्रियांसह त्या तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथील स्वच्छतेचे त्यांचे कार्य सर्वज्ञात आहे. परंतु बऱ्या होत चाललेल्या सैनिकांसाठी त्यांनी वाचनाच्या खोल्या उघडल्या, पगार घरी पाठवण्याची सोय केली. रिकामपण माणसाला दारूकडे नेते, हे त्यांनी ओळखले होते. युद्धाने होरपळलेल्या काही मुलांनाही त्यांनी इंग्लंडमध्ये आधार मिळवून दिला. त्यांत एक पाय गमावलेला, अनेक महिने रुग्णालयात काढलेला खलाशी पोरगा होता आणि एक रशियन अनाथही.

युद्धभूमीवर जडलेल्या तापाने पुढे त्यांनाच अंथरुणाला खिळवले. १८५७ पासून कित्येक वर्षे त्या बहुतांशी खोलीतच होत्या. 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक याच काळातले. त्यामुळेच त्यात आजाऱ्याची बाजू इतकी नेमकी उतरली असावी. त्याच त्या भिंती पाहून येणारा शीण, खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाचे आणि फुलांच्या रंगांचे मोल, दाराबाहेरच्या कुजबुजीने होणारा छळ, भेटीस येणाऱ्यांचा पोकळ धीर. (आपल्या रुग्णालयांतील भेटीच्या वेळी हा शेवटचा प्रकार आजही दिसतो.) दीर्घ आजारात लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे त्या सुचवतात. या साऱ्याचा परिणाम मुलांवर मोठ्यांपेक्षा लवकर व तीव्रतेने होतो, हेही त्या बजावतात.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. प्रत्येक विद्यार्थिनीला निजायला स्वतंत्र खोली देण्यात आली. दिवसभर इतरांच्या वेदनांत वावरणारीला दार लावून घेण्याचा हक्क हवा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बैठकीच्या खोलीसाठी फुले, पुस्तके, नकाशे नाइटिंगेल स्वतः पाठवीत. शिस्त मात्र करडी होती. मुलींच्या वर्तनाची दरमहा नोंद होई आणि ती जाचक वाटावी अशीच होती.

शाळेत त्यांचे जाणे क्वचितच झाले. त्याऐवजी त्या परिचारिकांना घरी बोलावून एकेकीशी बोलत, दमलेलीला खाऊ पाठवीत. १८७२ पासून त्या साऱ्यांसाठी मिळून पत्र लिहू लागल्या. असे शेवटचे पत्र १९०० सालचे, वयाच्या ऐंशीव्या वर्षी पाठवलेले. त्यानंतर दहा वर्षांनी, १३ ऑगस्ट १९१० रोजी, लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.