रेडिओच्या गल्लीतून टीव्हीचं चित्र नेणारा बेअर्ड

देवास/धार : गच्चीवर एकजण अँटेना फिरवतोय, खालून दुसरा आलं-गेलं ओरडतोय आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. धार-देवासच्या चाळिशीपुढच्या मंडळींना हे सांगायला नको. पण त्या चित्राला हवेतून यायला केवढी रुंद वाट लागायची, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. आपल्याकडे जुन्या टीव्हीच्या एका चॅनेलला ७ मेगाहर्ट्झ जागा लागायची, तर मीडियम वेव्हच्या रेडिओ स्टेशनला जेमतेम ९ किलोहर्ट्झ. म्हणजे एका चॅनेलच्या जागेत सातशेहून जास्त रेडिओ स्टेशनं मावतील!

तरीही रेडिओच्या त्या अरुंद गल्लीतून चित्र नेणारा एक माणूस होऊन गेला. जॉन लोगी बेअर्ड. १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबर्गला एका पाद्र्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तब्येत कायम तोळामासा. मोजे विकले, मुरंबा केला, साबण विकला, पण कशातच जम बसला नाही.

१९२३ मध्ये त्याने टीव्हीचा ध्यास घेतला. पैसा नव्हता. चहाची पेटी, टोपीचा डबा, सायकलच्या दिव्याची भिंगं असल्या सामानातून यंत्र उभं राहिलं. २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये त्याने जाणकारांना हलतं चित्र दाखवलं.

युक्ती साधी होती. चित्राच्या फक्त ३० रेषा करायच्या आणि सेकंदाला साडेबारा चित्रं पाठवायची. माहितीच कमी, म्हणून वाटही अरुंद चालायची. चेहरा ओळखू यायचा, एवढंच. पण १९२७ मध्ये हे चित्र टेलिफोनच्या तारेवरून लंडनहून ग्लासगोला पोचलं. १९२९ पासून ते बीबीसीच्या रेडिओ ट्रान्समीटरवरून जाऊ लागलं. सुरुवातीला ट्रान्समीटर एकच, म्हणून आधी चित्र आणि मग आवाज!

लोकांना मात्र स्पष्ट चित्र हवं होतं. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने दोन पद्धती आलटून पालटून चालवल्या. बेअर्ड कंपनीच्या २४० रेषा होत्या आणि पूर्ण चित्र सेकंदाला २५ वेळा जायचं, त्यामुळे ते लुकलुकायचं. मार्कोनी-ईएमआयच्या ४०५ रेषा होत्या. ते आधी एकाआड एक रेषा पाठवत, मग उरलेल्या. अर्धं चित्र सेकंदाला ५० वेळा जायचं. त्यामुळे लुकलुक कमी झाली आणि त्यासाठी दुप्पट रुंद वाट लागली नाही. त्याच महिन्यात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बेअर्ड कंपनीची प्रयोगशाळाही जळाली. फेब्रुवारी १९३७ मध्ये बीबीसीने त्यांची पद्धत बंद केली.

ज्याने काटकसरीवर टीव्ही उभा केला, तो दुसऱ्याच्या सरस काटकसरीपुढे हरला. तरी गडी थांबला नाही. १९४४ मध्ये त्याने रंगीत चित्राची नळी दाखवली. १४ जून १९४६ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी तो गेला.

पुढे दूरदर्शनच्या ६२५ रेषाही तशाच एकाआड एक, दोन हप्त्यांत आपल्या घरी येत राहिल्या.